शिक्क्याचा तपास

वाचनालयाच्या ताईंचं नियोजन कधी चुकत नसे. निदान त्या स्वतः तरी सगळ्यांना तसं सांगत. सुट्टीतला मुलांचा वाचनवर्ग त्यांचाच, आणि दर आठवड्याला पुस्तकांचा एक नवा प्रकार हा बेतही त्यांचाच. प्रवासवर्णनांच्या आठवड्यात मुलं पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून गच्चीपर्यंत प्रवास करून आली. भुतांच्या गोष्टी झाल्या त्या आठवड्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत जायला कोणी तयार होईना. खरं सांगायचं तर ताईही होत नव्हत्या. आता आठवडा रहस्यकथांचा होता.

नेमके याच आठवड्यात वाचनालयाचे अध्यक्ष हा वर्ग बघायला येणार होते. त्यांना मुलांची खोली बैठकांसाठी हवी होती. मुलं काय, घरीही वाचतील, असं त्यांचं म्हणणं. वर्ग पुढच्या वर्षी राहणार की गुंडाळला जाणार, हे शुक्रवारी ठरायचं होतं.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, काका," ताईंनी शिपाईकाकांना सांगितलं. "अध्यक्षांसमोर मुलं तासाभरात चोरी पकडून दाखवतील. सगळं माझ्या डोक्यात तयार आहे."

घोळ इथेच झाला. सगळं ताईंच्या डोक्यातच राहिलं, काकांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी काका घरी गेल्यावर ताईंनी टेबलाच्या खणातून तारखेचा शिक्का काढला आणि चरित्रांच्या कपाटातल्या सगळ्यात जाडजूड ग्रंथामागे लपवला. त्या ग्रंथाला आजवर कोणी हात लावल्याचं ऐकिवात नव्हतं. मग दारापासून कपाटापर्यंत खडूच्या भुकटीने बुटांचे ठसे उमटवले, खिडकीच्या चौकटीवर निळ्या शाईचा अंगठा उठवला, कुंडीत एक फाटकी चिठ्ठी खोचली आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता काका आले. 'वस्तू जागच्या जागी' ही पाटी ताईंनी भिंतीवर लावली होती खरी, पण ती मनापासून पाळणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. काकांनी फरशी पुसली. खिडकी पुसली. कुंडीतला कचरा काढून टाकला. पाहुणे यायचे म्हणून चरित्रांवरची धूळही झटकली, तर मागे शिक्का! हल्ली ताईंचं लक्ष ठिकाणावर नसतं, असं मनाशी म्हणत त्यांनी तो खणात ठेवला. ताईंना वाईट वाटू नये म्हणून याबद्दल कुणाकडे बोलायचं नाही, हेही ठरवून टाकलं.

अकरा वाजता अध्यक्ष मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. ताईंनी आवाजात कंप आणून चोरीची बातमी सांगितली आणि चौदा मुलं खोलीभर पांगली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुणालाही काही सापडेना. जरा खिडकीकडे बघा बरं, असं ताई सुचवायला गेल्या, तर खिडकी लखलखत होती. शेवटी त्यांनीच हळूच त्या ग्रंथामागे हात घातला. तो रिकामाच बाहेर आला! आता त्यांच्या आवाजात कंप आणावा लागत नव्हता. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात चष्मेवाली मुलगी पुढे आली. आठवडाभरात तिने सहा रहस्यकथा संपवल्या होत्या आणि आता तिचा कुणाच्याच बोलण्यावर विश्वास उरला नव्हता. ज्याला वस्तू परत जागेवर ठेवायची सवय नाही तोच चोर, असं तिने जाहीर केलं आणि पुस्तकं परत न करणाऱ्यांची यादी मागितली. काकांचा चेहरा फुलला. कधीच परत न आलेल्या पुस्तकांची कार्डं त्यांनी एका लांबट खोक्यात वर्षानुवर्षं जपली होती, पण आजवर कुणी त्यांची विचारपूस केली नव्हती.

मुलीने खोकं चाळलं आणि ती थेट अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं पूर्ण नाव काय?"

अध्यक्षांनी भारदस्तपणे सांगितलं. मुलीने एक कार्ड वर धरलं. "वय नऊ. पुस्तक समुद्री चाच्यांचं. परत आलेलं नाही."

ताईंना खोली, वर्ग आणि नोकरी एका रांगेत दाराबाहेर जाताना दिसली. एका नावाची माणसं पुष्कळ असतात, असं त्या घाईघाईने म्हणाल्या. अध्यक्ष मात्र कार्डावरची वाकडीतिकडी अक्षरं बघत राहिले.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुस्तक बादलीत पडलं होतं. वाळवल्यावर फुगून उशीएवढं झालं. भीतीपोटी ते ट्रंकेच्या तळाशी गेलं आणि त्यानंतर या रस्त्याने यायचंच त्यांनी टाळलं. पुन्हा वाचनालयाची पायरी चढले ते एकदम अध्यक्ष होऊनच.

"रागावतील म्हणून आणलं नाही," पन्नाशीतला तो माणूस काकांकडे बघत म्हणाला.

"रागावतंय कोण? उद्या घेऊन या," काका म्हणाले. त्यांनी खण उघडला, शिक्का काढला, तारीख एक दिवस पुढे सरकवली आणि तो कार्डावर उमटवला.

चौदाही मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

"काका, हा कुठे होता?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"जागेवर," काका म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळेना. चष्मेवालीने वहीत शेवटची नोंद केली: चोरी झालीच नाही, ताईंनी खण बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ते फुगलेलं पुस्तक घेऊन आले, मुलांमध्ये सतरंजीवर बसले आणि चिकटलेली पानं सोडवत सोडवत त्यांनी ते सबंध वाचून दाखवलं. बैठकांच्या खोलीचा विषय निघालाच नाही. जाताना त्यांनी वर्ग दरवर्षी चालू राहील असं लिहून सही केली, या वेळी सुवाच्य अक्षरात. ताईंना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले.

"बघितलंत ना, काका? सगळं माझ्या डोक्यात तयार होतं."

काकांनी मान डोलावली, टेबल पुसलं आणि खिशातून आणखी एक कार्ड काढून ताईंसमोर ठेवलं. परीकथांचं पुस्तक. वय आठ. नाव ताईंचं.

"त्या पोरीने हेही शोधलं होतं. म्हटलं, साहेबांसमोर नको."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो." काकांनी फडक्याची घडी घातली. "मला वाटलं, वाचून व्हायचं असेल."