वज्रवेल डॉट इन

कंपनीच्या वकिलांची नोटीस आली त्या सकाळी राजगोपालराव इडल्या खात होते आणि नेहमीप्रमाणे त्यांचं श्रेय ग्राइंडरला देत होते. समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी कनकाबाईंना श्रेयाची सवय नव्हती, त्यामुळे त्या सांबार वाढत राहिल्या. तेवढ्यात मोबाइल किणकिणला. इडलीचं पीठ वाटायचे वेट ग्राइंडर बनवणाऱ्या वज्रवेल कंपनीचं म्हणणं असं होतं की राजगोपालरावांनी ‘वज्रवेल डॉट इन’ हे इंटरनेटवरचं नाव बळकावलं आहे, त्यामुळे ग्राहकांचा गैरसमज होतो, तर त्यांनी ते मुकाट्यानं कंपनीच्या हवाली करावं. नाहीतर ट्रेडमार्कचा दावा दाखल होईल.

बळकावलं हा शब्द त्यांना फार लागला. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या विमा कचेरीत त्यांनी उभी हयात काढली, पण तिथली टाचणीदेखील घरी आणली नव्हती. आणि वज्रवेल तर त्यांचं दैवत. तंजावरहून आलेली त्यांची आई वेलचेरीच्या घरात दगडी रगड्यावर वाटण करून खांदा धरून बसायची. राजगोपालरावांनी रिक्षात मांडीवर घेऊन हा ग्राइंडर आणला, आणि त्या दिवशी आई पदराला हात पुसत नुसती बघत बसली. तिला असं बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही.

पुढे आई गेली, राजगोपालराव निवृत्त झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वेलचेरी पाण्याखाली गेली. कंपनीनं तोवर स्वतःच्या नावाची वेबसाइट काढलीच नव्हती. रावांनी ते नाव रीतसर विकत घेतलं आणि ‘पुरालाही न जुमानणारा ग्राइंडर’ असा पहिला लेख लिहिला. मग उडीद किती भिजवावा, पट्टा केव्हा बदलावा, दगड कसा धुवावा, असं करत करत त्या पानाला हजारो वाचक मिळाले. लोक सल्ला विचारायचे आणि राव सकाळ-संध्याकाळ उत्तरं द्यायचे. निवृत्त माणसाला रोज कुणीतरी काहीतरी विचारतं, हे सुख ज्याला मिळालं त्यालाच कळेल. नाव गेलं की हे सगळं जाणार होतं.

वरच्या मजल्यावर साताऱ्याचा सिद्धार्थ भाड्यानं राहायचा. सिरुसेरीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याच्या ऑफिसातल्या कायदेवाल्यांना विचारून तो संध्याकाळी खाली आला. चाहत्यानं पैसे न कमावता असं पान चालवलं तर बाजू मांडता येते, असं त्यानं सांगितलं. अडचण एकच होती. रावांच्या पानावर एवढी स्तुती होती की वाचणाऱ्याला ते कंपनीनंच लिहिलंय असं वाटायचं.

“काका, दोन-चार दोष लिहा. मग कोण म्हणेल हे कंपनीचं पान आहे म्हणून?”

“दोष नाहींतच, ते कुठून आणूं?” राव म्हणाले.

“काहीतरी असेलच की. आवाज, वजन, रंग.”

राव दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसले. रंग जरा फिका आहे, असं एकदा लिहिलं, मग डोळ्यांसमोर आई आली आणि त्यांनी ते खोडलं. शेवटी त्यांनी कनकाबाईंना विचारलं, कारण काही झालं तरी वापरणाऱ्या त्याच होत्या. कनकाबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मज नका विचारूं. मी त्यास नांवं ठेवायची नाहीं.”

बायकोची ही निष्ठा पाहून रावांचा ऊर भरून आला.

इतक्यात प्रकरणानं वेगळंच वळण घेतलं. कंपनीतून जननी नावाच्या बाईंचा फोन आला. त्या जाहिरातीचं काम बघायच्या. त्यांनी सगळं पान वाचलं होतं आणि पुराचा लेख त्यांना इतका आवडला होता की भांडण्यापेक्षा जुळवून घ्यावं, असं त्यांनी वरिष्ठांना पटवलं होतं. घरी येऊन तो जुना ग्राइंडर चालताना चित्रित करायचा, आणि त्या बदल्यात नाव रावांकडे राहू द्यायचं, असा प्रस्ताव होता. राव फोनवर बोलता बोलताच उठून उभे राहिले. दैवत स्वतःहून घरी येतंय म्हटल्यावर बसून कसं बोलायचं?

कनकाबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी आधी डोकेदुखी काढली. मग नुंगंबाक्कमची बहीण येणार असल्याचं सांगितलं, पण बहिणीनं त्याच दिवशी फोन करून आपण मदुरैला चाललो असल्याचं कळवलं. शेवटी दृष्ट लागेल, अशी भीती घातली. राव हसले. जे यंत्र पुराला डरलं नाही त्याला दृष्ट काय करणार, असं म्हणून ते बाजारातून झेंडूची माळ घेऊन आले.

ठरल्या दिवशी जननीबाई कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या ग्राइंडरवर नेहमी एक चादर असायची. धूळ बसू नये म्हणून, असं कनकाबाई सांगायच्या. रावांनी ती कौतुकानं काढली, माळ घातली आणि झाकण उचललं. आत छोटे कांदे होते. त्याखाली चिंच होती, आणि तळाशी कुणाच्या तरी बारशात मिळालेले स्टीलचे डबे होते. ते सगळं बाहेर काढून रावांनी बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी दुसऱ्या सॉकेटमध्ये पिन लावली, तिसऱ्या सॉकेटमध्येही लावून पाहिली. कॅमेरावाला शहाणा माणूस; त्यानं कॅमेरा खाली घेतला.

“मोटार मेली,” कनकाबाई हळूच म्हणाल्या. “त्या पाण्यांतच मेली.”

“आणि इतकीं वर्षें हें इडलीचें माव?”

“गल्लींतल्या कृष्णवेणीकडचें. पाकिटांतलें.”

राव संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला जात तेव्हाच आपण ग्राइंडर लावतो, कारण आवाजानं त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं, असं कनकाबाई सांगत. प्रत्यक्षात तेव्हा कनकाबाई पाकीट आणून पातेल्यात ओतत. त्यांनी कंपनीला फोनही केले होते. हे मॉडेल बंद झालं, मोटार मिळणार नाही, नवीन घ्या, असं उत्तर मिळालं होतं.

“मला कां नाहीं सांगितलंस?”

“पाणी ओसरल्यावर घरीं आलांत. आईचे फोटो गेलेले, पुस्तकें गेलेलीं. तुम्हीं एकच विचारलांत, ग्राइंडर चालतो का. तुमचें तोंड बघून नाहीं म्हणायला माझी जीभ उचललीच नाहीं. मग तुम्हीं तें अख्ख्या जगास सांगून बसलांत. मी काय करूं?”

रावांना यावर रागावताही येईना. बायकोनं आपल्यासाठी इतकी वर्षं रोज एक खोटं सांभाळलं, याचं त्यांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे ते नुसते स्टुलावर बसून राहिले.

जननीबाई मात्र पटकन सावरल्या. कुठूनतरी जुनी मोटार मिळवू, आतून बसवू, बाहेरून कुणाला कळणार नाही, असं त्या समजावू लागल्या. लेख तसाच राहू दे, नाव कायमचं तुमचं, कंपनी लेखी देईल.

रावांनी ग्राइंडरवरची झेंडूची माळ उतरवली. मग म्हणाले, “लिहिलें तेव्हां मला ठाऊक नव्हतें. आतां ठाऊक आहे. आतां तें तसें ठेवणें म्हणजे खरोखर बळकावणें झालें.”

त्याच दुपारी त्यांनी जुना लेख काढून टाकला आणि खरं काय ते लिहिलं: मोटार पुरात गेली, कंपनीनं हात वर केले, स्तुती केलेल्या इडल्या पाकिटातल्या होत्या. वाचकांची क्षमा मागितली. आठवडाभरात त्याखाली शेकडो लोकांनी आपापल्या बंद मोटारींची कहाणी लिहिली. मग वकिलांचं पुन्हा पत्र आलं. या नावात कंपनीला काडीचाही रस नाही, नोटीस मागे घेतली आहे. फक्त या पानाचा कंपनीशी कसलाही संबंध नाही, असं वर ठळक अक्षरांत लिहावं, ही विनंती.

सिद्धार्थ पेढे घेऊन आला. राव जिंकले होते, पण त्यांचा चेहरा हरल्यासारखाच होता. दुसऱ्या दिवशी माव आणायला ते स्वतः निघाले. बायकोनं इतक्या खेपा घातल्या, आता आपण घालाव्यात, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कृष्णवेणीच्या दुकानात मागून घरघर ऐकू येत होती. ती ऐकून राव दारातच थबकले. परवानगी घेऊन ते आत गेले. अंधाऱ्या खोलीत, रंग उडालेला, एक पाय विटेवर टेकलेला, वज्रवेल चालला होता.

“जुना आहे सार,” कृष्णवेणी म्हणाली. “त्या पुरात बुडाला होता. गच्चीवर उन्हात वाळवला, बटण दाबलं, सुरू झाला. तेव्हापासून रोज चालतोय.”

म्हणजे काढून टाकलेल्या लेखातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, फक्त यंत्र दुसऱ्याचं होतं. राव मावाचं पाकीट तिथंच विसरून घरी धावले आणि कॉम्प्युटर उघडला. सिद्धार्थ नेमका जिन्यात भेटला होता. त्यांनी घाईत सांगितलेलं ऐकून तो मागोमाग आला.

“काका, हे लिहू नका. स्तुती सुरू झाली की कंपनीला नाव पुन्हा हवंसं वाटेल. नोटीस येईल.”

रावांचे हात कीबोर्डवर थांबले. आयुष्यातली सर्वांत मोठी स्तुती पोटात होती आणि ती बाहेर काढायची सोय नव्हती. कनकाबाईंनी चहा आणून ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“मग तक्रार म्हणून लिहा कीं.”

राव चहाचा घोट घेऊन कीबोर्डकडे वळले. मग ‘तक्रारी’ असं नवं सदर उघडून त्यांनी सावकाश टाइप केलं: ‘या ग्राइंडरचा एक मोठा दोष सर्वांच्या नजरेस आणून देणं माझं कर्तव्य आहे. तो पुरात बुडवला तरी मरत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या एका बाईंना गेली कित्येक वर्षं नवा ग्राइंडर घ्यायची संधीच मिळालेली नाही. कंपनीनं याची गंभीर दखल घ्यावी.’