दगडूकाकांची पळी

आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, दगडूकाका घरून स्वतःची पळी घेऊन येतात. आमंत्रण नसलं तरी येतात. भलीमोठी पितळेची पळी, उपरण्यात गुंडाळलेली.

काका माझे चुलत चुलते. विट्याकडची आमची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे काकाही मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेले. आयुष्य तिकडंच काढून, काकू वारल्यावर, एकटेच परत आले. पोरं आली नाहीत. इथं जो तो म्हणायचा, "बसा पावणं." एवढं ऐकलं की काकांचं डोकं सरकलंच! "मी पावणा व्हय? पावणा जेवतो, घरचा वाढतो. आण ती बादली!"

वाढायचे मात्र असे, की बघणाऱ्याला घाम फुटावा. सोनं ओतावं तशी आमटीची बारीक धार, थेंब सांडायचा नाही. त्यात प्रत्येक पानापुढं थांबून चौकशी, "तू कुणाचा रं?" नाव कळलं की त्याच्या आज्याची एक आठवण. तोवर पुढचे लोक कोरडा भात चिवडत बसायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. व्याही साताऱ्याचे, कडक इस्त्रीतले. काका त्यांच्या पानापुढं थांबले, नीट न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तू कुणाचा रं?"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. मुलीकडच्या बायका फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढं होऊन काकांच्या हातातली पळी काढून घेतली आणि व्याह्यांना म्हणालो, "मनावर घेऊ नका हं. आमच्यातले नाहीत ते. बाहेरगावचे पाहुणे आहेत."

काकांनी ऐकलं. पंगतीच्या टोकाला जाऊन बसले, कुणी वाढलं तेवढं जेवले आणि जाताना मला हात जोडून गेले. माझ्याच भावकीतल्या वडीलधाऱ्या माणसानं मला हात जोडले.

संध्याकाळी भांडी निवडताना बायकोनं विचारलं, "आवं, ही पळी कुणाची?"

दांड्यावर माझ्या पणजोबांचं, म्हणजे काकांच्या आजोबांचं, नाव कोरलेलं होतं. "आपलीच," मी म्हणालो, आणि लाजेनं माझे कान तापले. भांड्याला आपलं म्हणताना जीभ जराही अडखळली नव्हती.

सकाळी पळी घेऊन त्यांच्याकडं गेलो. "काका, काल मी..." एवढंच जमलं.

"न्हाई गड्या, चुकलं माझंच. तुझ्या व्याह्याला अरंतुरं केलं," काका खाली बघत म्हणाले. "आता तुझ्या नातवाच्या बारशापतूर समद्यांची नावं पाठ करतो." मग पळीवरून हात फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "तवा तरी वाढू देशील न्हवं?"