शंभराच्या ठोकळ्याची मोहीम आणि दोन तासांचा वेढा

श्री. ज्याच्या दरबारी सर्व मापे खरी ठरतात त्याचे स्मरण करून, थोर कंपनीच्या राज्यात एका शिकाऊ अभियंता कन्येने पोलादी ठोकळा कैसा पास करून घेतला, आणि खासा प्रशिक्षणसाहेबांचा हात अधांतरी कैसा थांबला, ती हकीकत प्रत्यक्ष पाहणारांस पुसून, पदरचे काही न घालता, लिहिली असे.

सदरहू कंपनीचे राज्य विस्ताराने बहुत थोर. एका वेशीपासून दुसऱ्या वेशीस जावयास कंपनीचीच बस, जेवणघरास तीन मजले, आणि कोणते दफ्तर कोठे हे सांगणारा फलक इतका लांब की तो वाचता वाचता कित्येक निवृत्त जाहले. त्या राज्यात साल मजकुरी चाळीस शिकाऊ अभियंते दाखल जाहले, त्यांत ही एक. तिचे नाव ओळखपत्रावर होते, परंतु ओळखपत्र सदा उलटे लटकत असल्याकारणे अवघी यंत्रशाळा तिला ‘नवी’ म्हणे, आणि तीही त्यास ओ देई.

मग प्रशिक्षणसाहेबांचे फर्मान सुटले. प्रत्येक शिकाऊ असामीस पोलादाचा एकच ठोकळा मिळेल, दुसरा मिळणार नाही. तो घासून लांबीस शंभर मिलिमीटर करावा. वर अथवा खाली एक शतांश माफ, अधिक माफ नाही. (शतांश म्हणजे एका केसाची जाडी सात वाटेकऱ्यांत वाटिली तर एकाच्या पदरी पडेल तितुके.) ठोकळा मापनकक्षात दाखवावयाची मुभा तीन वेळ, मुदत शनिवारी दुपारी बारा, आणि जो पास न होईल त्याने यंत्रशाळा सोडून दफ्तरखान्यात रुजू व्हावे आणि सालाअखेर जुने नकाशे स्कॅन करीत बसावे. ज्या नवीने वयाच्या नवव्या वर्षी घरचा मिक्सर तीन वेळ उघडोन दोन वेळ जोडिला होता, तिचा जीव दफ्तरखान्यात कैसा रमावा?

बुधवारी ती घासणीच्या यंत्रापाशी उभी राहिली. त्या यंत्राचे सरदार ग्राइंडरकाका, तीस वर्षांचे मुरब्बी. त्यांनी हात न लाविता केवळ शब्दांनी तिजकडून काम करविले, आणि अंगावर गार पाण्याची धार घेत ठोकळा उतरत उतरत नेमका शंभरावर आला. नवीने मायक्रोमीटर लाविला, काकांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिला आणि म्हणाले, “बघ पोरी, काटा शंभरावर! आता हा ठोकळा नाही, तान्हं बाळ आहे. जिवापाड जप.”

काकांचे हे बोलणे सहज होते. नवीने ते आज्ञा म्हणोन घेतले. तिच्या मातोश्रींनी, कारखान्यात लेकीच्या कानाला वारा लागेल या धास्तीने, जाड लोकरीची जांभळी कानटोपी विणून दिली होती, जी नवीने लाजेस्तव आजवर डोक्यास लाविली नव्हती. त्या कानटोपीत तिने ठोकळा गुंडाळिला, कोटाच्या आत उराशी धरिला, आणि असा बंदोबस्त केला की त्यास ओरखडा नाही, धूळ नाही, वाऱ्याची झुळूकही नाही. मातोश्रींचाही बंदोबस्त असाच होता. रोज अकराच्या ठोक्यास त्यांचा फोन येई आणि त्यात तीनच कलमे असत: खाल्लंस का, दमलीस का, आणि तिथे तुला कुणी बोललं तर नाही ना.

गुरुवारी पहिली स्वारी निघाली. यंत्रशाळेपासून मापनकक्ष पाऊण कोस. बसमध्ये धक्का लागेल म्हणोन नवी ठोकळा उराशी कवटाळून पायीच गेली. मापनकक्ष हा गड मोठा अवघड. दोन काचेची दारे, आत बारमाही गारठा, मध्ये काळ्या दगडाचे गुळगुळीत मेज, आणि त्यामागे मापनबाई, गेली बावीस वर्षे गडाच्या किल्लेदार, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, हातात पांढरे मोजे, आणि मुखी आकड्याखेरीज शब्द नाही. नवीने दाराबाहेरच कानटोपीतून ठोकळा काढोन आत त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मापनबाईंनी यंत्र लाविले आणि निकाल दिला, “दीड शतांश वर. नापास.”

नवीस वाटले, धुळीचा कण राहिला असेल. तिने ठोकळा पुसला, पुन्हा पुसला, आणि शुक्रवारी दुसरी स्वारी केली, ती अधिक हळू चालत, अधिक घट्ट धरून. मापनबाईंनी यंत्र लाविले. “दीड शतांश वर. नापास.” आणि वहीत काट मारिली.

ही बातमी यंत्रशाळेस पोहोचली तेव्हा हलकल्लोळ जाहला. जेवणघरात कोणी म्हणाले, दफ्तरखान्यात पंखा चांगला आहे. कोणी म्हणाले, तिथं खुर्चीही फिरती आहे गं. ऐशी सांत्वने ऐकत नवी अर्धे ताट टाकून उठली, आणि अकराच्या फोनात तिसऱ्या कलमास “नाही गं, कुणी काही नाही बोललं,” ऐसे लटके उत्तर देऊन चुकली होती तेही तिच्या मनास लागले.

शनिवार उजाडला. सकाळी आठास साहेबांचे सुरक्षेवर व्याख्यान होते, ते तासभर नवीने ठोकळा उराशी धरूनच ऐकिले. नऊ वाजता तिने काकांच्या यंत्रापाशी मायक्रोमीटर लाविला, तो खरेच दीड शतांश वर! काकांनी कपाळास हात लाविला.

“त्या बाईला मी उगाच नावं ठेवत होतो. जास्त आहे खरा. घास दीड शतांश, आणि जा घेऊन.”

“काका, जास्त गेला तर?”

“गेला तर गेला! परत वाढवता येत नाही, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं.”

ऐसा धीर मिळाल्यावर नवीने ठोकळा यंत्राच्या चुंबकावर बसविला आणि पाण्याची धार सोडिली. चाक फिरू लागले. परंतु चाक टेकविण्याआधीच काकांस आपल्या उमेदवारीतला एक प्रसंग आठवला, ज्यात त्यांच्या उस्तादांनी त्यांस पट्टी फेकून मारिली होती, आणि तो प्रसंग पाव तास चालला, आणि तितका वेळ ठोकळा गार धारेखाली उगा पडून राहिला. मग नवीने नेमाप्रमाणे घासण्याआधी एक वेळ पुन्हा माप घेतले.

काटा नेमका शंभरावर.

“काका, चाक अजून लागलंच नाही, आणि कमी झाला!”

“मायक्रोमीटर पडला असेल कुणाच्या हातून.”

“नाही हो काका. हात लावून बघा. मघाशी हा ऊबदार होता.”

नवीच्या मनात वीज चमकली. खात्रीसाठी तिने ठोकळा पुसून पुन्हा कानटोपीत घातला, उराशी धरिला, पाव तास डोळे मिटून उभी राहिली, आणि मापिले. पुन्हा वर! ऊब लागली की पोलाद फुगते हे तिने पुस्तकात दहा वेळ वाचिले होते आणि परीक्षेत गुणही घेतले होते, परंतु तेथे प्रश्नात कानटोपी नव्हती. ज्या मायेने तिने ठोकळा जपिला, त्या मायेनेच तो दोन वेळ नापास जाहला होता.

मग ती जी धावली ती दहा वाजून दहा मिनिटांस मापनगडात शिरली, आणि धापा टाकीत सर्व कैफियत मापनबाईंपुढे मांडिली. मापनबाई बावीस वर्षांत प्रथमच आकड्यावाचून बोलल्या.

“अगं बाई, कानटोपीत? मला वाटलं, आधी दोन दारांमधल्या गार मेजावर ठेवून मग माझ्याकडे आणतेस. दारावर लिहिलंय ना, नग दोन तास गार मेजावर ठेवावा, मगच माप!”

“दारावर तर आमच्या स्वागताचा कागद आहे.”

दोघी दारापाशी गेल्या. दारावर रंगीत फलक होता: ‘नवीन शिकाऊ अभियंत्यांचे हार्दिक स्वागत’, खाली साहेबांची सही. मापनबाईंनी नखाने त्याचा कोपरा उचलिला, तो त्याखाली नियम जसाच्या तसा. त्या एवढेच म्हणाल्या, “स्वागत जरा जास्तच झालं तुमचं.”

परंतु ठोकळा कानटोपीच्या खटपटीत पुन्हा तापला होता, मुदत बाराची, आणि मापनबाई दोन तासांत एक मिनिट सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ठोकळा काळ्या मेजावर ठेविला, वहीत लिहिले, “तिसरी वेळ. दाखल दहा दहा. माप बारा दहा,” आणि नवीस ताकीद दिली की आता यास कोणी शिवायचे नाही, तूदेखील नाही.

येथून वेढा सुरू जाहला. लढाईत माणसास काही करावयाचे असते. येथे काहीच करावयाचे नव्हते, हेच कठीण. नवी हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ठोकळा इतका एकटा दिसे की दोन वेळ तिचा हात पुढे गेला आणि दोन वेळ तिने तो परत घेतला. अकराच्या ठोक्यास खिशात फोन थरथरला. गडात फोन घेणे मना. तो थरथरून थांबला, पुन्हा थरथरला, ऐसे सात वेळ जाहले. नवी हलली नाही.

बाराच्या ठोक्यास प्रशिक्षणसाहेब आपले रजिस्टर आणि तांबडे पेन घेऊन जातीने दाखल जाहले. चाळिसांपैकी एकोणचाळीस नावांपुढे निकाल लागला होता.

“मॅडम, बारा वाजले. हिचं काय करायचं?”

मापनबाईंनी वही फिरवून दाखविली. “नग मुदतीत दाखल आहे. दहा मिनिटं थांबा.”

“एवढ्याशा ठोकळ्यासाठी? बघू तरी,” ऐसे म्हणोन साहेबांनी तो उचलावयास हात पुढे केला. हात ठोकळ्यापासून चार बोटांवर आला. साहेबांचा हात चहाच्या पेल्यावरून आलेला, चांगला गरम.

“हात लावू नका, साहेब!”

हा आवाज नवीचा होता. जी चार महिने “हो सर” यापलीकडे गेली नव्हती, तिच्या मुखातून ऐसे फर्मान निघाले की काचेची दारे दणाणली. साहेबांचा हात जागीच थांबला. मग त्यांनी तो सावकाश मागे घेतला, कोटाच्या खिशात ठेविला, आणि दहा मिनिटे तेथून काढिला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी मापनबाईंनी यंत्र लाविले.

“शंभर. वर दोन दशमांश शतांश. पास.”

मग शिक्का उठला, साहेबांनी तांबडे पेन खिशात घालून निळ्या पेनाने सही केली, आणि जाताना दारावरचा स्वागताचा फलक स्वहस्ते काढून बगलेत मारून नेला. ग्राइंडरकाकांनी यंत्रशाळेत जाहीर केले की आपणास हे पहिल्यापासून ठाऊक होते.

नवीने बाहेर येऊन फोन लाविला.

“अगं, तासभर फोन नाही उचललास! जीव टांगणीला लागला माझा. काय करत होतीस?”

“काही नाही करत होते, आई. तेच तर काम होतं. ठोकळा तुझ्या कानटोपीत जपला म्हणून दोनदा नापास झाला. एकटा ठेवला, तेव्हा पास झाला.”

“बरं,” मातोश्री म्हणाल्या. “कानटोपी तरी घालतेस ना?”

येणेप्रमाणे शनिवारी दुपारी मोहीम फत्ते जाहली. ठोकळा मापनकक्षाच्या काचेच्या कपाटात, नियमाचा कागद दारावर, आणि नवी यंत्रशाळेत कायम. सोमवारपासून मातोश्रींचा अकराचा फोन बंद होऊन दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुटीत, एकदाच येऊ लागला; आणि त्यात तिसरे कलम नसे. हा विजय शिक्क्याच्या विजयाहून थोर, परंतु कंपनीच्या कोणत्याही वहीत त्यास रकाना नसल्याकारणे, तो येथे नोंदविला असे.