कप्पीला पळीभर तेल

सासरी पाऊल टाकलं त्याच दिवशी मला एक नियम सांगण्यात आला. गाडीखान्यातल्या देवाला हात लावायचा नाही, आणि 'का' म्हणून विचारायचं नाही. (नियमाचा दुसरा भाग खास माझ्यासाठी होता. सून कॉलेजात शिकते ही बातमी वरातीच्या आधी कल्याणात पोचली होती.)

हा देव म्हणजे दोराला टांगलेला एक धोंडा. आमची गल्ली इतकी अरुंद की गाडीखान्याचं दार बाहेर उघडलं तर समोरच्यांच्या ओटीवर जाईल आणि आत उघडलं तर दमणीला, म्हणजे आमच्या बैलगाडीला, जागा उरणार नाही. म्हणून मामंजींच्या वडिलांनी आमच्या मिठागरावरची युक्ती घरी आणली. खाडीचं पाणी आत घ्यायला तिथे खाचेतली फळी वर उचलतात, तसंच इथे एकसंध मोठं दार, वर सरकणारं. दाराला दोर, दोर आढ्याच्या कप्पीवरून गेलेला आणि पलीकडच्या टोकाला दाराच्या वजनाचा धोंडा. दार एका हाताने वर जाई, एका हाताने खाली येई. मोठा हुशार माणूस.

ते गेले आणि दाराची देखभाल आवडाबाईंकडे आली. आवडाबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आणि मामंजीही त्यांच्यापुढे बसायचं झालं तर आधी विचारतात. धोंडा अधांतरी राहतो म्हणजे तो मारुतीच, असं आत्याबाईंनी ठरवलं आणि दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर सुरू झाला. वर्षांमागून वर्षं थर चढत गेले. घागरीएवढा देव रांजणाएवढा झाला.

देव जड झाला तसं दार भर दुपारी आपोआप वर जाऊ लागलं. गल्लीतल्या शेळ्या आत येऊन पेंढा खाऊन जाऊ लागल्या. कुणी म्हणेल, शेंदूर थांबवायचा. आमच्याकडे दाराला जातं बांधलं. मग दार जड झालं, उघडेना. "सेवेत काही कमी पडतंय," आत्याबाई म्हणाल्या आणि शेंदूर वाढवला. दार पुन्हा तरंगू लागलं. दुसरं जातं आलं. मी लग्न होऊन आले तेव्हा दाराला तीन जाती लटकत होती आणि त्यांनाही हळदकुंकू लागत होतं. हे सगळं मी मुकाट्याने पाहत होते. (मुकाट्याने म्हणजे दिवसातून दोनदाच बोलत होते.)

त्या मंगळवारी मात्र मला गप्प राहणं परवडण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंबईला माझी बी.ए.ची परीक्षा सुरू व्हायची होती. गेल्या वर्षीची आत्याबाईंच्या उद्यापनात बुडाली होती. यंदा बुडाली तर पुढे विषय काढायचा नाही, असं मामंजींनी पानाला चुना लावता लावता सांगून ठेवलं होतं. माझे यजमान मुंबईत नोकरीला. (त्यांचं नाव प्रभाकर. मी ते सरळ घेते. घेतलं की आत्याबाई कानांवर हात ठेवतात.) त्यांनी वडिलांची परवानगी कशीबशी मिळवली होती ती एका अटीवर: आपल्या घरची सून पेठेतून पायी जाणार नाही, पडद्याच्या दमणीतून स्टेशनवर जाईल. दुपारची आगगाडी होती आणि प्रभाकर बोरीबंदरला उभे राहणार होते.

दमणी गाडीखान्यात होती आणि गाडीखान्याला ते दार होतं.

सकाळपासून पुस्तक उघडलं की ओळींच्या जागी दोर दिसे. शेवटी न राहवून मी अंगणातून मागच्या लहान दाराने गाडीखान्यात गेले. आमचा गाडीवान पोपट दोराला लोंबकळत होता. मोठं दार अर्ध्यावर येऊन अडकलं होतं आणि कप्पी अशी किंचाळत होती की बैलांनी वैरण सोडली होती.

"पोपट, कप्पीला तेल कधी घातलं होतं?"

"कप्पीला? त्याल देवाला घालतात, वयनी."

"आणि कप्पीला?"

"कप्पी काय देव हाय?"

मी देवघरातून तेलाची पळी भरून आणली. एवढाच माझा बेत होता. पळीभर तेल.

"तुमी नका चढू, वयनी. आत्याबाय मना गावाबाहेर काढंल."

"शिडी धर."

"धरतो. पन मी बघत नाय." आणि त्याने खरोखरच डोळे मिटले.

नियम मी पाळला, हे मला इथे नमूद करायचं आहे. देवाला बोटही लावलं नाही. फक्त कप्पीत तेल सोडलं. गंजाचा लाल ओघळ खाली आला आणि किंचाळणं थांबलं. "बघ," मी वरून म्हणाले, "एवढंच करायचं होतं."

कॉलेजच्या पुस्तकात कप्पी नेहमी घर्षण नसलेली असते. 'समजा, कप्पीला घर्षण नाही,' अशीच प्रत्येक उदाहरणाची सुरुवात. आमच्या घरात ते प्रथमच घडत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं (आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं) की देव आणि जाती यांच्या भांडणात इतकी वर्षं मध्यस्थी करत होता तो गंज.

तीन जात्यांसकट दार धाडकन खाली आलं. पलीकडून देव तोफेच्या गोळ्यासारखा वर गेला, आढ्यावर आपटला आणि शेंदराचं अख्खं कवच फुटून माझ्यावर कोसळलं. शिडी एकीकडे गेली, मी दमणीमागच्या पेंढ्यात. गुडुप अंधार झाला.

"देव फुटला!" पोपट लहान दारातून ओरडत पळाला. "वयनीनी देव फोडला!"

मी चाचपडत उठले. हातपाय शाबूत होते. वर कप्पीत घागरीएवढा काळा धोंडा अडकून बसला होता. उद्याची परीक्षा डोळ्यांपुढून सरकत चालल्यासारखी वाटली.

लहान दारात मामंजी आले, एका पायात वहाण. मागून आत्याबाई, त्यांच्या मागे पोपट. उजेड त्यांच्या पाठीशी होता. मी दमणीमागे काळोखात.

"सूनबाई कुठे आहे?"

"इथेच आहे."

"हात लावलास?" आत्याबाईंनी विचारलं.

"देवाला नाही. कप्पीला."

"अगं, पण कप्पी कोणाची?"

"मामंजी, ती जाती सोडायला सांगा. दार हलकं झालं की दोघे मिळून उचलतील. अजून वेळ आहे."

"देव उघडा पडलाय आणि जाती सोडायची?" आत्याबाई म्हणाल्या. "शनिवारी शेंदूर चढवू, अभिषेक करू, मग बघू."

"परीक्षा उद्या आहे, आत्याबाई!"

"परीक्षा दर वर्षी असते. देव दर वर्षी फुटत नाही."

मामंजी खाकरले. त्यांच्या आवाजात दुःख शोधून सापडलं नसतं. "हा कौलच झाला म्हणायचा. दमणी निघत नाही, आणि पायी तर तू जायची नाहीस. प्रभाकरला तार करतो. आत चल."

तार! त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यावर चार शब्दांची तार. मी दमणीला वळसा घालून सरळ लहान दाराच्या उजेडात येऊन उभी राहिले.

"मी येणार नाही!" मी ओरडले. "मी जाणार. भर पेठेतून, पायी जाणार! कोणी आडवं यायचं नाही, आणि 'का' म्हणून मला कोणी विचारायचं नाही!"

मामंजींचं तोंड उघडं राहिलं. आत्याबाईंचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. ज्या घरात माझं वाक्य आजवर अर्ध्यात तुटत होतं, त्या घरात बैलांचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं.

मला काय वाटलं ते कसं सांगू! एका वाक्यात दोघे वडीलधारे गप्प. विद्येचं तेज म्हणतात ते हेच, असं मनात आलं. मी पावलं टाकत पुढे झाले. मामंजी बाजूला सरले. आत्याबाईंनी हात जोडले. (निरोप देताहेत, असं मी समजले.)

अंगणात पाय धुवायला दगडी डोणीत वाकले आणि पाण्यात मला ती दिसली. केस मोकळे, गुडघ्यापर्यंत. कपाळापासून पदरापर्यंत सगळं शेंदरी. मध्ये दोन डोळे, तेवढे पांढरे.

मागे कोणीतरी जमिनीवर लोटांगण घातल्याचा आवाज आला.

"देवा," पोपट मातीत तोंड खुपसून म्हणाला, "माजी बायको म्हायेराहून कवा येल?"

"गप मेल्या!" आत्याबाई हळूच म्हणाल्या. "देवाला आगगाडी गाठायची आहे."