कवितेतल्या घराला दार नसतं

श्रीमंती कुणालाही झेपते; गरिबी टिकवायला मात्र शिस्त लागते. त्यातही हिंदी कवितेतली गरिबी म्हणजे फारच जोखमीचं काम. तिथे नेमलेल्या गरिबाने पोटभर जेवायचं नाही, जेवलाच तर ढेकर द्यायचा नाही, आणि शेजारणीशी भांडायचं तर मुळीच नाही. कवितेतला गरीब फक्त आभाळाशी भांडतो. दहापैकी नऊ कवितांत त्याची आई खोकत असते. (दहावीत ती वारलेली असते.) मला खोकला नाही, याचं आमच्या कवींना सुरुवातीला फार वाईट वाटलं.

कवी म्हणजे समोरच्या इमारतीतले गृहस्थ. त्यांचे सदरे माझ्याकडे इस्त्रीला येतात. गरिबांच्या कविता वाचायचा सदरा वेगळा असतो. त्याला आधी कडक इस्त्री करायची, मग मुठीत धरून चुरगाळायचा, आणि त्या चुण्यांवरून पुन्हा इस्त्री फिरवायची, म्हणजे कार्यक्रम संपेपर्यंत चुण्या मोडत नाहीत. हे काम फक्त मलाच जमतं. हे मी सांगायला नको, पण सांगते.

ते लिहितात हिंदीत. त्यांचं म्हणणं, हिंदीतली गरिबी लांबवर जाते. (आपल्या भाषेतली गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते.) एकदा सदरा न्यायला ते स्वतः आले, पालथ्या बादलीवर बसले आणि आमच्या दाराकडे बघत राहिले. दार कसलं, नुसती चौकट. तिला गोणपाट टांगलेलं. माझा मुलगा सुतार. आख्ख्या वस्तीची दारं त्याने केलीत, घरच्या दाराला तेवढी सवड नाही.

कवी म्हणाले, "माई, हे गोणपाट बोलतंय."

"बोलत नाही, वास मारतंय," मी म्हटलं. "कांदे होते त्यात."

कविता झाली. 'टाट के पीछे ठिठुरता है एक देश.' (म्हणजे गोणपाटामागे एक देश कुडकुडतोय. देश म्हणजे मी, मुलगा आणि सून.)

सून म्हणाली, "आई, देशात कुत्रं शिरलं ते नाही लिहिलं?"

तिचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात एक भटकं कुत्रं आत येऊन तिच्या अंथरुणात झोपलं होतं, आणि तिला नववा लागलेला. कुत्र्याला काय, तान्हं बाळ आणि पावाचा तुकडा सारखाच. मी मुलाला झापलं, "सगळ्या जगाला दारं करतोस, तुझ्या लेकरावर काय कविता पांघरू?" तो मुकाट्याने फळ्या घेऊन आला.

दार तयार झालं आणि त्याच सकाळी कवी धापा टाकत आले. कविता मोठ्या बक्षिसाला निवडली होती. बक्षीस देणार सामान्यजन हिंदी काव्य परिषद. परिषदेचा नियम असा की कवितेतली गरिबी आधी जागेवर जाऊन तपासायची, बक्षीस मग. (मागे एका कवितेतला उपाशी माणूस ऐन समारंभाच्या दिवशी हॉटेलात जेवताना सापडला. तेव्हापासून काळजी घेतात.)

"माई, दार पुढच्या महिन्यात लावा ना."

"बाळाला सांगा, पुढच्या महिन्यात ये म्हणून."

"अहो, कवितेचा आत्मा आहे त्या गोणपाटात!"

"मग न्या तुमच्या घरी. टांगा दाराला."

"छे छे, आमच्या घरी ते शोभणार नाही."

शेवटी तोड निघाली. दार आतून बसवायचं, बाहेर गोणपाट तसंच ठेवायचं. पाहणीच्या वेळी दार उघडं, म्हणजे आमची परिस्थिती वाईट. एरवी बंद, म्हणजे आम्ही बरे.

समिती आली. एक अध्यक्ष, दोन समीक्षक आणि एक बाई, ज्यांच्याकडे डोळे पुसण्याचं खातं होतं. त्यांनी गोणपाट चाचपलं, हुंगलं, पसंत केलं. मग अध्यक्षांनी ते बाजूला सारलं, तर आत भिंतीला टेकलेलं कोरं करकरीत दार. (उघडं दारसुद्धा दिसतं, हे कवींच्या ध्यानात आलं नव्हतं.)

उभ्याउभ्याच बैठक भरली. पहिल्या समीक्षकाचं मत पडलं की दार असलेली गरिबी ही गरिबी नव्हे, ती गैरसोय. दुसरे उदार होते. कडी नसेल तर चालवून घेऊ म्हणाले. कडी होती. पितळेची होती. तेव्हा एकमताने ठरलं की पाहणीपुरतं दार उतरवून ठेवावं. माझा मुलगा भिडस्त. त्याने पेचकस हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात सून किंचाळली. कळा सुरू झाल्या. शेजारची नर्सबाई धावत आत गेली आणि तिथूनच ओरडली, "वारा येतोय, दार लावा आधी!"

अध्यक्षांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. "बाळंतीण पाहिली तर निर्णयाला मदत होईल," ते म्हणाले. कवींनी पेन काढलं. मी मुलाच्या हातातला पेचकस हिसकावला, अध्यक्षांचा पाय उचलून बाहेर ठेवला आणि कडी घातली.

बाहेर गार वारा भणाणत होता. बिचारे जाणार कुठे? गाडी यायची होती. दाराला पाठी लावून पाचही जणांनी ते गोणपाट अंगाभोवती ओढून घेतलं आणि दात वाजवत उभे राहिले. आतून मला ऐकू आलं, अध्यक्ष म्हणत होते, "वा! गोणपाटामागे कुडकुडणं काय असतं! शब्द न् शब्द खरा आहे हो." बक्षीस जागच्या जागी मंजूर झालं. दाराबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ते आता कवितेच्या मागे होतं, आत नव्हतं.

सून सुखरूप आहे. मुलगी झाली. गुटगुटीत आहे, आवाज माझ्यावर गेलाय.

आता तुमचा चेहरा का पडला? सून किंचाळली तेव्हा तुम्ही रुमाल काढून बसला होतात, खोटं बोलू नका. ती गेली असती तर गोष्ट किती छान झाली असती, नाही? आलाच आहात तर बाळ बघून जा म्हणणार होते. पण राहू दे. धडधाकट बाळात तुम्हाला बघण्यासारखं काय असणार?

निघताना दार नीट ओढून घ्या. ती आत्ताच झोपलीये.