बोडक्यावरचा दिवा

कासव खडक आज आपल्या देशाच्या नकाशावर आहे, तो माझ्यामुळे! फुशारकी म्हणा हवं तर, पण आंतरराष्ट्रीय लवादाच्या निकालात तसं चक्क छापून आलंय. परिच्छेद दोनशे चौदा. आता तो परिच्छेद मी घरी कुणाला वाचू देत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी परराष्ट्र खात्याच्या कायदा विभागात साहाय्यक आहे. बावीस वर्षं झाली. पण सासरी जाऊन 'मी साहाय्यक आहे' असं कुठला जावई सांगतो? सासरे समुद्रावरचे. दोन होड्या त्यांच्या, एक ते नेतात, एक माझा मेहुणा. मी गेलो की हातातलं जाळं बाजूला ठेवून विचारणार, "काय जावईबापू, सरकार काय म्हणतंय?"

"मामा, सरकार म्हणजे दुसरं कोण? आम्हीच की!"

ते खूश व्हायचे, सासूबाई माशाची आणखी एक तुकडी वाढायच्या आणि बायको माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

तर हे मामा मासे धरतात ते कासवाच्या भोवती. कासव म्हणजे एक खडक. जेवणाची चार टेबलं जोडली तर जेवढं होईल तेवढा. त्यावर गवताची काडी नाही. पण कायदा असा, की खडक ज्याचा, भोवतालचं बारा मैल पाणी त्याचं! म्हणून शेजारचा देशही त्याच्यावर हक्क सांगायचा. दोन्ही देशांची भाषा एकच, त्यामुळे भांडायला दुभाषी लागत नाही. फक्त आम्ही ज्याला कासव म्हणतो, त्याला ते 'बोडका' म्हणतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं!

आता माझी एक सवय सांगतो. कुणी काही विचारलं की माझ्या तोंडातून आपोआप 'हरकत नाही' निघतं. कुणी पायावर पाय दिला, हरकत नाही. कुणी माझी खुर्ची नेली, हरकत नाही.

आणि आमच्या विभागात नोंदी सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. डोक्यावर औषधालाही केस नाही, म्हणून माघारी सगळे त्यांना बोडका म्हणतात. बसतात कोपऱ्यात. त्यांच्या टेबलावरचा दिवा सहा महिने बंद होता आणि सहा महिने ते रोज सगळ्यांचं डोकं खात होते. अशात एके दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"नमस्कार! आम्ही बोडक्यावर दिवा बसवायचा म्हणतोय. तुमच्या बाजूने काही हरकत?"

मला वाटलं, इमारतीच्या देखभालीवाले!

"अहो, हरकत कसली! किती दिवस अंधारात आहे बिचारा!"

"म्हणजे नक्की ना? तशी नोंद करून ठेवतो."

"करा की! आणि जरा मोठा बसवा. चांगला झगझगीत!"

"फार मोकळ्या मनाचे आहात हो."

"त्यात काय? हरकत नाही!"

आणि योगायोग बघा, पुढच्याच आठवड्यात देखभालीवाले खरंच आले आणि कोपऱ्यात दिवा बसवून गेले. गृहस्थ खूश. मी विषय विसरून गेलो.

दोन महिन्यांनी सासरी गेलो तर मामा दारातच उभे. "जावईबापू, कासवावर काय झकास दिवा लावलाय सरकारने! पहाटे धुक्यात सुद्धा दिसतो. तुम्हीच सांगितलंत ना?"

सासूबाई बघतायत. मेहुणा बघतोय. बायको तर बघतच होती. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

"एक फोन केला, मामा," मी म्हणालो. "मोठा बसवा, म्हटलं."

देवाशपथ सांगतो, हे वाक्य शब्दशः खरं आहे हे मला तीन वर्षांनी कळलं!

खात्यात मी चौकशी केली नाही. मला वाटलं, दिवा बंदर विभागाने बसवला. बंदर विभागाला वाटलं, नौदलाने. नौदलाला वाटलं, आम्ही. असा तो दिवा शेजाऱ्यांच्या खर्चाने तीन वर्षं जळला आणि आमच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. मग शेजाऱ्यांनी दिव्यासकट खडकावर हक्क सांगितला आणि प्रकरण लवादाकडे गेलं.

लवाद म्हणजे तीन न्यायाधीश, तिसऱ्याच एका देशात, एका लांबलचक दालनात. तिथला न्याय मला आमच्या संचालक मॅडमनी थोडक्यात समजावला होता. त्या म्हणाल्या, "रिकाम्या खोलीचं भांडण समजा. ज्याने तिथे कुलूप लावलं, भिंतीला रंग दिला, आणि दुसऱ्याने ते बघून तोंड उघडलं नाही, खोली त्याची. आणि एखाद्या देशाने एकदा मान्य केलं ना, की मग फिरता येत नाही." मी मान डोलावली. मला काय ठाऊक, की मान्य मीच करून बसलोय!

आमच्याकडे पुरावा भक्कम होता. कासवाभोवती मासे धरायचे परवाने आपलं सरकार शंभर वर्षं देत होतं. मामांकडे त्यांच्या आजोबांचा परवाना होता, पत्र्याच्या डब्यात जपलेला. म्हणून मामांनाच साक्षीला बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, सोबतीला माझी बायको. आमचे वकील म्हणजे प्रचंड आवाजाचे गृहस्थ, त्यांना सगळे तोफ म्हणायचे. तोफेच्या प्रश्नांना मामांनी खणखणीत उत्तरं दिली. परवाना पाहून अध्यक्षांनी चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, जिंकलो!

मग समोरच्या वकीलबाई उठल्या. आवाज असा, की ऐकणाऱ्याला साखर व्हावी. आम्ही त्यांना साखरबाईच म्हणायचो.

"आजोबा, खडकावर दिवा आहे ना?"

"आहे की! फार उपयोगी."

"कुणी बसवला?"

मामांची छाती दोन बोटं फुगली. "आमच्या जावयाने!"

मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

"असं? म्हणजे तुमच्या जावयांच्या संमतीने बसला?"

"संमतीने कसला? हुकमाने! एक फोन केला त्यांनी!"

"बरेच मोठे अधिकारी दिसतात."

"मोठे? अहो, खातंच ते चालवतात! ते काय, तिथे कोपऱ्यात बसलेत!"

साखरबाई फार गोड हसल्या. त्यांनी पडद्यावर एक कागद दाखवला. त्यांच्या दीपगृह कार्यालयाची नोंद होती. फोन केव्हा केला, कुणाशी बोलणं झालं, आणि खाली माझं बोलणं, अक्षरनअक्षर. 'अहो, हरकत कसली!' 'आणि जरा मोठा बसवा.' तीन न्यायाधीशांनी ते वाचलं आणि तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

सुट्टी झाली तशी मॅडम आणि तोफ मला धरून मागच्या खोलीत घेऊन गेले.

"हे तुम्ही बोललात?" मॅडम.

"बोललो. पण मला वाटलं, आपल्या बोडक्यावर!"

"आपला कुठला बोडका?"

मी सगळं सांगितलं. दिवा, कोपरा, टक्कल. मॅडम मटकन खाली बसल्या.

"चूक झाली म्हणून सांगू या ना," मी म्हणालो.

"सांगा!" तोफ धडाडली. "म्हणजे लवाद विचारेल, ज्या देशाला आपला खडक आणि आपला कारकून यांतला फरक कळत नाही, त्याच्या हातात खडक द्यायचाच कशाला?"

"मग आता?"

"एकच वाट आहे. देश बांधला जातो तो राष्ट्रप्रमुखाच्या शब्दाने, पंतप्रधानांच्या, परराष्ट्रमंत्र्यांच्या. ज्याला देशाच्या वतीने बोलायचा अधिकार आहे, त्याच्या. तुम्ही कोणीच नाही, हे सिद्ध करायचं."

"कोणीच नाही म्हणजे... किती नाही?"

"अजिबात नाही!"

दुपारी मी साक्षीच्या खुर्चीत बसलो. समोर पहिल्या रांगेत मामा, शेजारी बायको. मामा माझ्याकडे बघून मान हलवत होते. घाबरू नका, सांगा यांना तुम्ही कोण ते, असा एकूण आविर्भाव.

"तुमच्या सहीने खात्यातून काय बाहेर जातं?" तोफेने विचारलं.

"पोचपावत्या."

"तुमच्या ताब्यात कपाट आहे?"

"आहे."

"त्यात काय आहे?"

"छत्री."

"परराष्ट्रमंत्र्यांशी तुमचं कधी बोलणं झालंय?"

"एकदा. जिन्यात. ते म्हणाले, जरा बाजूला व्हा."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हरकत नाही, म्हणालो."

दालनात हशा पिकला. तोफ समाधानाने खाली बसली. आमच्या बाजूचे सगळे माझा पाणउतारा होताना बघून एकमेकांना टाळ्या देत होते. असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये!

आणि वैऱ्याची वकील माझी बाजू घ्यायला उठली.

"किती हा विनय!" साखरबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं अनुभव. खात्यात फोन आला की उचलणारे तुम्ही. उत्तर देणारे तुम्ही. तुमच्यासारखी माणसंच खरं तर खातं चालवतात. हो ना?"

खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं. बावीस वर्षांत खात्यात कुणी माझ्याशी इतकं गोड बोललं नव्हतं! जिभेच्या टोकावर 'हो' येऊन बसलं. एक 'हो', की मामांपुढे माझी मान ताठ. आणि त्याच 'हो'ने मामांचं पाणी जाणार होतं, होड्या जाणार होत्या, आजोबांचा तो परवाना नुसता कागद होणार होता.

"तुमचे सासरे शपथेवर सांगून गेलेत, खातं तुम्ही चालवता," त्या हळूच म्हणाल्या. "ते खोटं बोलले का?"

मी मामांकडे पाहिलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मामा खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो. "खोटं मी बोललो. त्यांच्यापुढे मोठेपणा मिरवायला. मी कुणी नाही, बाई. दिवा मी बसवला नाही, आणि खात्यात माझं कुणी ऐकत नाही."

अध्यक्ष पुढे वाकले. "आणि घरी?"

"घरी तर नाहीच, महाराज!"

"अगदी खरं आहे!" पहिल्या रांगेतून बायकोचा आवाज आला.

"प्रेक्षकांनी शांत राहावं," अध्यक्ष म्हणाले. मग लेखनिकाकडे वळून म्हणाले, "पण तेवढं लिहून घ्या."

संध्याकाळी बाहेरच्या व्हरांड्यात मामा एकटेच उभे होते. मी जवळ जाऊन खाली मान घालून उभा राहिलो.

"म्हणजे दिवा तुम्ही नाही बसवलात?"

"नाही, मामा."

"आणि खातं पण तुम्ही नाही चालवत?"

"नाही."

"मग सुट्टीला आलात की, सरकारी काम आहे म्हणून जाळं ओढायला येत नव्हतात, ते काय होतं?"

पुढच्या सुट्टीपासून मी पहाटे चारला जाळं ओढतो. हाताला फोड आलेत, पण मामा आता मला अहोजाहो सोडून 'अरे' म्हणतात, आणि खरं सांगू, ते बरं वाटतं.

आठ महिन्यांनी निकाल लागला. शंभर वर्षांच्या परवान्यांच्या जोरावर खडक आपला! मामांनी गावभर मासे वाटले. आणि परिच्छेद दोनशे चौदामध्ये लिहिलं होतं: 'सदर गृहस्थांचे पद, त्यांच्या कपाटातील वस्तू आणि त्यांच्या पत्नीचे उत्स्फूर्त विधान लक्षात घेता, त्यांच्या बोलण्याने कोणतेही राष्ट्र कोणत्याही विषयात बांधले जात नाही, याबद्दल लवादाच्या मनात तिळमात्र शंका नाही.' एकमताने!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मी नवा शर्ट घालून गेलो. म्हटलं, देशासाठी एवढी नाचक्की सोसली, काहीतरी चीज होईलच.

"या महिन्याच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव पहिलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"होतं?"

"काल काढलं. बसा. नीट ऐका. तुम्हाला बढती दिली, की शेजारी म्हणतील, बघा, हा माणूस तेव्हाही मोठाच होता, यांनी लपवून ठेवला. नवा पुरावा! आणि नव्या पुराव्यावर निकालाचा फेरविचार मागता येतो. देशहितासाठी तुम्ही आहात तिथेच राहायचं. वर सरकायचं नाही, मोठी खुर्ची घ्यायची नाही, नावाची पाटी तर मुळीच नाही."

"पण मॅडम, असं किती दिवस?"

"फेरविचाराची मुदत दहा वर्षांची आहे."

माझ्या निवृत्तीला नऊ उरलीयेत!