उतार काही वाळेना

"मास्तर, सिमेंट नाटकं करतंय," असं म्हणून गवंड्याने उतारात बोट खुपसलं. बोट सरळ आत गेलं.

दारापुढच्या दोन पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर हा उतार काल सकाळी घातला होता. आज संध्याकाळी मास्तरांच्या बायकोला मुलीकडून चाकांच्या खुर्चीतून घरी आणायचं होतं. बाईंच्या खुब्याचं हाड कधीच जुळलं होतं, पण पडल्याचा धसका असा की दोन महिने त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. डॉक्टर विनवून थकले, मुलगी रडून थकली. शेवटी मास्तरांनी शब्द दिला होता, "तू घरी तर चल, तुला पायरी चढावीच लागणार नाही."

"सिमेंट जुनं असेल."

"पोतं तुमच्यासमोर फोडलं."

"मग वाळू?"

"चाळलेली. आणि पाणी तुमच्याच पिंपातलं."

पिंप म्हटल्यावर मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांची तीस वर्षं कॉलेजच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली होती. बाईंची लाडकी केटली क्षारांनी पांढरीफटक झालेली, म्हणून परवा त्यांनी ती सोडियम ग्लुकोनेटच्या गरम पाण्यात बुडवली. साखरेपासून होणाऱ्या आम्लाचं हे मीठ, स्वभावाने गरीब. पण कॅल्शियम दिसलं की त्याला धरून बसतं. केटली लखलखली. मग उत्साहाच्या भरात नळ, बादल्या, सगळंच त्यांनी त्यात धुऊन काढलं. पुडा संपला. उरलेलं पाणी फुकट घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. झाडांना होईल म्हणून त्यांनी ते पिंपात ओतलं.

"सिमेंटसुद्धा कॅल्शियमच्याच जिवावर घट्ट होतं हो," मास्तर कळवळून म्हणाले. "माझं मीठ त्याला सोडत नाहीये."

"सिमेंटात साखर पडली की ते बसत नाही, हे आमच्यात पोरंसोरंही जाणतात," गवंडी म्हणाला. "तुम्ही तर एवढे शिकलेले!"

मग पंखा लावला. उताराने दाद दिली नाही. फळी टाकून पाहिली, तर ती हळूहळू बुडू लागली. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मुलीने खुर्ची पायऱ्यांपर्यंत आणली आणि तिथेच अडली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"उतार आहे. म्हणजे, होणार आहे."

"कधी?"

"उद्या-परवा."

"तोवर मी काय अंगणात मुक्काम करू? एक काम धड होत नाही तुमच्या हातून!" आणि रागाच्या भरात बाई उठून उभ्या राहिल्या.

मुलीने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी खांदा पुढे केला. मोकळ्या बाजूने बाई एक पायरी चढल्या, थांबल्या, दुसरी चढल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

स्वयंपाकघराच्या दारातूनच बाईंना केटली दिसली. "अगंबाई, आरसाच की!" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, खरं सांगा. मी चालावं म्हणून तुम्ही मुद्दाम ओला ठेवलात ना तो उतार?"

तीस वर्षांत एकही खोटं रीडिंग न लिहिलेले मास्तर क्षणभर घुटमळले.

"हो."

दारात गवंड्याला जोराचा खोकला आला.

"खोकू नका," बाई म्हणाल्या. "वाळला की त्यावर माझ्या कुंड्या मांडून द्या. आणि अहो, तुम्ही खोटं बोललात की कान लाल होतात तुमचे, अजूनही."

पण मास्तरांच्या खांद्यावरचा हात काही त्यांनी काढला नाही.